अठरा मजले आणि स्वयंपाकघराची खिडकी

सकाळी सव्वासात

सेलच्या थांब्यावर ट्राममध्ये चढते तेव्हा बाहेर मिट्ट काळोख असतो. डिसेंबरात मँचेस्टरला आठच्या पुढे उजाडतं आणि चारच्या आत मावळतं. २१ डिसेंबरला तर उजेड जेमतेम साडेसात तासांचा. माझं कामच उजेड मोजण्याचं असल्यामुळे या दिवसांत घरोघरी जाऊन करायची मोजणी मधल्या सात तासांत बसवायची आणि लिखापढी आधी किंवा नंतर, असा शिरस्ता पडला आहे.

नवी उंच इमारत उभी राहण्याआधी तिच्यामुळे शेजारच्या घरांचा किती उजेड जाईल, याचा हिशेब मी मांडते. इथे त्याला ‘डेलाइट रिपोर्ट’ म्हणतात. रिपोर्टचे पैसे बिल्डर देतो, रिपोर्ट महापालिकेच्या प्लॅनिंग खात्याकडे जातो आणि तिथे तो कुणालाही उघडून वाचता येतो. पैसे एकाचे, नुकसान दुसऱ्याचं आणि निर्णय तिसऱ्याचा. मधे उभं राहून आकडा खरा सांगायचा, एवढीच या कामाची किंमत आहे.

कॉर्नब्रुक सोडलं की ट्राम विटांच्या जुन्या रेल्वेपुलावरून जाते आणि समोर डीन्सगेट स्क्वेअरचे चार टॉवर येतात. त्यातला दक्षिणेचा सर्वांत उंच, २०१ मीटर. १९६२ मध्ये सीआयएस टॉवर ११८ मीटरवर गेला, त्यानंतर चव्वेचाळीस वर्षं शहरात त्याच्या वर कुणी गेलं नाही. २००६ मध्ये बीटम टॉवर १६९ मीटरवर पोहोचला. जोराचा वारा सुटला की त्याच्या माथ्यावरच्या काचेच्या पात्यातून घुमल्यासारखा आवाज येतो आणि तो दूरवर ऐकू जातो. २०१८ मध्ये दक्षिण टॉवरने बीटमलाही मागे टाकलं. पुढे एकामागून एक टॉवर येतच गेले. ट्राममधून क्रेनवरचे लाल दिवे दिसतात, त्यांवरून पुढच्या दोन-चार वर्षांचं काम कळतं.

टॉवरांशी माझं वैर नाही, हे आधीच सांगते. यातले बरेचसे पडीक जमिनीवर, पार्किंगच्या मैदानांवर आणि पत्र्याच्या शेडच्या जागी उभे राहिले. गावाबाहेरची शेतं बुडवण्यापेक्षा मध्यवस्तीत उंच बांधणं शहाणपणाचं, ट्रामच्या थांब्याशेजारी तर नक्कीच. प्रश्न असतो तो टॉवरच्या पायथ्याशी आधीपासून राहणाऱ्या माणसांचा.

साडेआठ

डीन्सगेट-कॅसलफील्डला उतरून मॅनक्युनियन वे ओलांडला की ह्यूम. १९६७ मध्ये खुला झालेला हा उन्नत रस्ता मध्यवस्ती आणि ह्यूम यांच्यामधला बांध होता. आता त्याच्या दोन्ही अंगांना उंच इमारतींचे अर्ज येतात.

आज जिथे जायचं आहे ती चार मजली, विटांची, भाड्याच्या घरांची इमारत आहे. समोर रस्त्यापलीकडच्या रिकाम्या जागेवर अठरा मजल्यांचा प्रस्ताव आहे. दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी दार उघडलं. मी त्यांना ‘मिसेस’ लावून आडनावाने हाक मारते. त्या मला ‘लव्ह’ म्हणतात, इथली वयस्क माणसं म्हणतात तसं. जमैकाहून लहानपणी आईवडिलांबरोबर आलेल्या. पहिलं घर ह्यूमच्या जुन्या चाळवजा गल्लीत. १९६०च्या दशकात महापालिकेने ती सगळी वस्ती पाडली. मग १९७२ मध्ये पूर्ण झालेल्या क्रेसेंट्समध्ये घर मिळालं. काँक्रीटच्या त्या चार प्रचंड चंद्रकोरी इमारतींना नॅश, बॅरी, अ‍ॅडम आणि केंट या नामवंत वास्तुविशारदांची नावं दिली होती, पण छतं गळायची, गरम करणं परवडायचं नाही, झुरळं आवरायची नाहीत. वीस-बावीस वर्षांत त्याही जमीनदोस्त झाल्या. त्यानंतरचं हे घर.

“पुन्हा पाडणार नाहीत ना?” त्यांनी चहा ठेवता ठेवता विचारलं.

“तुमची इमारत नाही. समोर नवी येतेय.”

“म्हणजे या वेळी आम्ही जागच्या जागी.”

लेझरचं मोजमापयंत्र काढलं. खिडकीची रुंदी, उंची, जमिनीपासून किती वर, भिंतीची जाडी, खोलीची खोली. बैठकीची खोली, स्वयंपाकघर आणि झोपायची खोली एवढंच मोजायचं. न्हाणीघर आणि जिना हिशेबात येत नाहीत. बैठक दक्षिणेला, तिला काही होणार नाही. स्वयंपाकघर उत्तरेला, नव्या इमारतीच्या थेट समोर. खिडकीखाली लांबट टेबल, त्यावर शिवणयंत्र, शेजारी भाजी चिरायची फळी, औषधांचा डबा, वाचायचा चष्मा. या घरातला दिवस दक्षिणेच्या सोफ्यावर नाही, इथे उत्तरेच्या टेबलावर जातो, हे टेबलाच्या झिजलेल्या कडेवरूनच दिसत होतं.

मग मी एक गोष्ट केली जी सॉफ्टवेअर एरवी आपोआप करतं. घरातल्या कामाची पातळी जमिनीपासून ८५ सेंटिमीटर धरतात, म्हणजे साधारण टेबलाची उंची. गुडघे वाकवून डोळे त्या उंचीवर आणले आणि खिडकीपासून हळूहळू मागे सरकत गेले. आकाशाचा तुकडा खिडकीच्या वरच्या चौकटीखाली बारीक होत होत खोलीच्या जवळजवळ मागच्या भिंतीशी नाहीसा झाला. तिथे जमिनीवर कागदी टेपची पट्टी लावली. हिला ‘नो-स्काय लाइन’ म्हणतात. या रेषेच्या अलीकडे बसलं तर थोडं तरी आकाश दिसतं, पलीकडे फक्त भिंतींवरून परतून आलेला उजेड.

“आणि नंतर?” बाईंनी विचारलं.

सोबतच्या नकाशावरून मोजून दुसरी पट्टी लावली. ती शिवणयंत्राच्या खिडकीकडच्या अंगाला आली. यंत्राची सुई आणि बाईंची खुर्ची दोन्ही रेषेच्या पलीकडे.

त्या बराच वेळ दोन पट्ट्यांकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, “पण त्यांच्या पत्रात लिहिलंय, आमच्यावर सावली पडणार नाही.”

पत्रात खोटं काही नव्हतं. नवी इमारत यांच्या उत्तरेला आहे आणि सूर्य दक्षिणेकडून फिरतो. सावली पलीकडे पडेल. ऊन मोजायचा नियम तर फक्त दक्षिणेच्या अर्ध्या दिशेला तोंड असलेल्या खिडक्यांना लागू होतो, त्यामुळे उन्हाच्या तक्त्यात या खिडकीचं नावच येत नाही. पण उत्तरेच्या खिडकीत ऊन जवळजवळ नव्हतंच. तिच्याकडे जो काही उजेड होता तो नुसत्या आकाशाचा, आणि नेमकं तेच जाणार आहे. अशा वेळी ‘सावली पडणार नाही’ हे वाक्य कितीही बरोबर असलं तरी त्या बाईंना काही सांगत नाही.

साडेदहा

ऑफिस अँकोट्समधल्या एका जुन्या सूतगिरणीत आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून इथे वाफेवर चालणाऱ्या गिरण्या उभ्या राहिल्या. कालव्याकाठच्या मरेज मिल्स १७९८ पासूनच्या. आज बहुतेक गिरण्यांत फ्लॅट आणि ऑफिसं आहेत. लालबाग-परळमध्ये लहानपण गेलेल्या माणसाला इथे परकं वाटत नाही. गिरणगावातल्या कित्येक गिरण्यांची यंत्रं इथून जवळच्याच ओल्डमच्या प्लॅट ब्रदर्स कंपनीतून गेली होती. दोन्हीकडचे भोंगे थांबले आणि दोन्हीकडे गिरण्यांच्या आवारात टॉवर आले. फरक असा की अँकोट्समध्ये गिरण्यांच्या भिंती बऱ्याच प्रमाणात राखल्या.

सकाळची मापं त्रिमितीय मॉडेलमध्ये भरली. मग प्रत्येक खिडकीचा आकडा निघतो, त्याला ‘व्हर्टिकल स्काय कंपोनंट’ किंवा नुसतं व्हीएससी म्हणतात. सोपं करून सांगायचं तर, ढगाळ आभाळाखाली मोकळ्या मैदानात जेवढा उजेड पडतो त्यातला किती टक्के या खिडकीच्या काचेवर थेट आकाशातून पडतो, ते. उभ्या भिंतीसमोर काहीच आडवं नसेल तरी हा आकडा ४०च्या थोडा खालीच राहतो. २७ असेल तर उजेड चांगला समजतात. नव्या बांधकामाने तो २७च्या खाली गेला आणि पूर्वीच्या आठ-दशांशापेक्षाही कमी झाला, तर घरातल्या माणसाला फरक जाणवेल असं धरतात. हे नियम पॉल लिटलफेअर यांनी बिल्डिंग रिसर्च एस्टॅब्लिशमेंटसाठी लिहिलेल्या मार्गदर्शिकेतले. पहिली आवृत्ती १९९१ची, सध्याची २०२२ची.

या गणितात सूर्य नाही, फक्त ढगाळ आभाळ आहे, आणि मँचेस्टरला तेच शोभतं. प्रमाण मानलेलं ढगाळ आभाळ माथ्यावर क्षितिजापेक्षा तिप्पट उजळ धरलेलं असतं. त्यामुळे आठव्या-दहाव्या मजल्यापलीकडे काय फरक पडतो, असं बिल्डरची माणसं म्हणतात ते खरं नाही. वरचे मजले आभाळाच्या उजळ भागाकडे चढतात. वरून कापलेला प्रत्येक मजला खालच्या खिडकीला काही ना काही परत देतो.

बाईंच्या स्वयंपाकघराचा आकडा आला. आज २९, नंतर १६. जवळजवळ ४५ टक्के उजेड गेला. ४० टक्क्यांच्या वरच्या नुकसानीला आमच्या धंद्यात ‘मोठं’ म्हणतात.

आता खरी परीक्षा. रिपोर्टच्या पहिल्या पानावर एक वाक्य असतं आणि निर्णय घेणाऱ्या प्लॅनिंग समितीतले बरेच जण तेवढंच वाचतात: आसपासच्या एकूण खिडक्यांपैकी अमुक टक्के खिडक्या निकषात बसतात. त्या एकूणात तीन रस्ते पलीकडचं हॉटेल येतं, विद्यार्थ्यांचं वसतिगृह येतं, ज्यांना काहीच धक्का लागणार नाही अशा कितीतरी खिडक्या येतात. त्यामुळे टक्केवारी नेहमी नव्वदीत जाते, आणि उरलेल्या थोड्या टक्क्यांत त्या चार मजली इमारतीचा अख्खा उत्तरेचा दर्शनी भाग असतो. सरासरी काढली की नुकसान सगळ्यांत पातळ वाटलं जातं. प्रत्यक्षात ते वाटलं जात नाही, चौदा-सोळा स्वयंपाकघरांत एकवटतं. म्हणून मी पहिल्या पानावर दुसरं वाक्य घालते: ज्या घरांचं मोठं नुकसान आहे ती सगळी एकाच इमारतीत आहेत आणि त्यांची स्वयंपाकघरं एकाच बाजूला आहेत.

पाऊण वाजता

डबा उघडेपर्यंत मुंबईहून मावशीचा फोन. तिथे सव्वासहा. त्यांच्या इमारतीच्या पुनर्विकासाची आज बैठक होती.

“अगं, कार्पेट वाढवून देतायत. लिफ्ट दोन. पार्किंग पण.”

“मावशी, दोन विंगांमध्ये अंतर किती? तुझी खिडकी कुठे उघडते?”

“ते कोण विचारतं गं? सगळे फुटांवर भांडतायत.”

“पुढच्या बैठकीत तू विचार. नकाशात मोकळी जागा किती सोडलीय ते लिहून घे.”

मी हे उगाच सांगत नाही. मुंबईत जुन्या इमारतींच्या पुनर्विकासात इमारतीभोवती सोडायच्या मोकळ्या जागेत सूट मिळते, प्रीमियम भरून घेतलेली असते, आणि ती जागा म्हणजेच खालच्या मजल्यांचा उजेड आणि वारा. गोवंडी-मानखुर्दला नटवर पारेख आणि लल्लूभाई कंपाउंडमध्ये पुनर्वसनाच्या इमारती एकमेकींपासून अवघ्या तीन-तीन मीटरवर आहेत. ‘डॉक्टर्स फॉर यू’ या संस्थेच्या अभ्यासात तिथल्या क्षयरोगाचा संबंध खालच्या मजल्यांवरच्या अंधाराशी आणि कोंडलेल्या हवेशी जोडला गेला. वास्तविक मुंबईला सूर्याची कृपा जास्त. २०१ मीटरच्या टॉवरची सावली २१ डिसेंबरच्या मध्यान्ही मुंबईत सुमारे १८५ मीटर पडेल. मँचेस्टरला सूर्य जेमतेम तेरा अंश वर येतो, म्हणून तीच सावली सुमारे ८६० मीटर पसरते. एवढी कृपा असून तीन मीटरच्या फटीत ती उतरत नाही.

अडीच

प्रस्तावावर बैठक: बिल्डर, वास्तुविशारद, प्लॅनिंग सल्लागार आणि मी. मराठी वाचकाला इथली एक गोष्ट सांगायला हवी. इंग्लंडमध्ये आपल्यासारखा एफएसआयचा आकडा नसतो, की जमीन इतकी म्हणून बांधकाम इतकं. प्रत्येक अर्ज स्वतंत्र तोलला जातो: धोरण, घरांची गरज, रहदारी, वारसा, शेजाऱ्यांचा उजेड. मोठ्या अर्जांचं शेवटी नगरसेवकांची समिती ठरवते. त्यामुळे उजेडाची मार्गदर्शिका हा कायदा नव्हे, तराजूतलं एक वजन. राष्ट्रीय प्लॅनिंग धोरणही सांगतं की जमिनीचा चांगला वापर अडत असेल तर उजेडाचे निकष लवचीकपणे लावा.

खासगी हक्क वेगळा आहे. १८३२च्या प्रिस्क्रिप्शन अ‍ॅक्टनुसार एखाद्या खिडकीला वीस वर्षं अखंड उजेड मिळाला असेल तर त्यावर हक्क तयार होतो आणि तो न्यायालयात सांगता येतो. ऐकायला मोठा आधार वाटतो. पण तो हक्क मालमत्तेला चिकटलेला असतो. भाड्याच्या घरात तडजोडीची रक्कम आलीच तर बहुतेक वेळा मालक संस्थेकडे जाते, शिवणयंत्रासमोर बसणाऱ्या बाईंकडे नाही. आणि महापालिका प्रकल्पात उतरली असेल तर २०१६च्या गृहनिर्माण आणि प्लॅनिंग कायद्याखाली भरपाई देऊन हा हक्क बाजूलाही सारता येतो. म्हणून या लोकांसाठी जे काही व्हायचं ते नकाशा कच्चा असतानाच, अशा बैठकीत.

“मध्यवस्तीला लागून आहे. तिथे पंधरा-सोळा मान्य होतं,” सल्लागार म्हणाले. हा त्यांचा नेहमीचा मुद्दा आणि त्यात तथ्य आहे. दाट शहरात सगळीकडे २७ मागितले तर काहीच बांधता येणार नाही.

“जिथे आधीच सोळा आहे तिथे सोळा चालतं,” मी म्हटलं. “इथे लोक एकोणतीसमध्ये राहतात.”

वास्तुविशारदांनी मजल्याचा आराखडा पसरला. इमारत आधीच्या आराखड्यापेक्षा रुंद झाली होती, कारण दुसरा जिना. ग्रेनफेल टॉवरच्या आगीत २०१७ मध्ये ७२ माणसं गेली. त्यानंतर नियम बदलत गेले, आणि ३० सप्टेंबर २०२६ पासून १८ मीटरहून उंच नव्या निवासी इमारतीत दुसरा जिना सक्तीचा आहे. त्या जिन्याला हात लावायचा प्रश्नच नाही, मी तो उच्चारलाही नाही. पण जिन्याने खाल्लेली जागा बिल्डरने घरं कमी न करता इमारत फुगवून भरून काढली होती, आणि तो फुगवटा नेमका दक्षिणेला, बाईंच्या बाजूला.

मी दोन गोष्टी मागितल्या. दक्षिणेकडच्या अर्ध्या भागाची उंची दहा मजल्यांवर थांबवावी आणि इमारत रस्त्यापासून चार मीटर मागे घ्यावी. बिल्डरचा माणूस लगेच व्यवहार्यतेवर आला: इतके फ्लॅट गेले तर परवडणारी घरं देणं जमणार नाही. मँचेस्टरच्या धोरणात २० टक्के परवडणाऱ्या घरांचं लक्ष्य आहे, आणि ते पाळता येत नाही हे दाखवणारी व्यवहार्यतेची गणितं अर्जांसोबत येत असतात. म्हणजे समोर प्रश्न असा ठेवला जातो: म्हाताऱ्या भाडेकरूंचा उजेड की तरुण भाडेकरूंची स्वस्त घरं. जमिनीला दिलेला भाव आणि धरलेला नफा या प्रश्नात कुठेच येत नाहीत. मला हा मांडणीचा प्रकार मनापासून चुकीचा वाटतो आणि मी तो बैठकीत तसाच बोलून दाखवला.

वास्तुविशारद बाई बराच वेळ गप्प होत्या. मग त्यांनी पेन्सिलीने दक्षिणेचा कोपरा तिरका कापला आणि ते मजले उत्तरेच्या भागावर ठेवून पाहिले. “अठराचे वीस होतील, पण उत्तरेला. हे रात्रीत तपासता येईल?”

येईल, म्हटलं. त्यांच्याच कागदावर मी आणखी एक खूण केली. मजल्याच्या मधोमध बोळ आणि दोन्हीकडे फ्लॅट, म्हणून बहुतेक घरांना खिडकी एकाच बाजूला. १८४०च्या दशकात एंगेल्सने मँचेस्टरच्या कामगार वस्त्या पाहून लिहिलं, त्या काळची पाठीला पाठ लावलेली घरंही अशीच एकतर्फी खिडकीची होती. आजचे फ्लॅट त्याहून कितीतरी चांगले, तरी उत्तरेला तोंड असलेल्या एकतर्फी घरात हिवाळा काढणाऱ्याचाही रिपोर्टमध्ये हिशेब लागतो: स्वयंपाकघरात २०० लक्स, बैठकीत १५०, झोपायच्या खोलीत १००. खालच्या तीन मजल्यांवर ते जमत नव्हतं. तिथे घरांऐवजी सायकलींची जागा आणि दुकानं न्या, असं सुचवलं. हे मात्र दहा मिनिटांत मान्य झालं.

साडेपाच

ह्यूममधल्या एका चर्चच्या सभागृहात प्रस्तावाचं प्रदर्शन. स्टँडवर चित्रं लावलेली, आणि त्यांतलं आभाळ निळंभोर, झाडं जूनच्या पालवीची, बाल्कन्यांत ऊन. बाहेर पाऊस आणि काळोख. माझा बोर्ड कोपऱ्यात होता. मी त्यावर २१ मार्चच्या सावल्यांच्या नकाशाशेजारी चार मजली इमारतीच्या उत्तर भिंतीचं मोठं रेखाचित्र लावलं आणि प्रत्येक खिडकीखाली आजचा आकडा आणि नंतरचा आकडा लिहिला.

लोक आले, आपापली खिडकी शोधू लागले. एका तरुण बापाने पोराला उचलून त्यांच्या झोपायच्या खोलीची खिडकी दाखवली. एक जण चिडून म्हणाला, “ठरलेलंच असतं सगळं, आम्हाला कशाला बोलावता?” मी त्याला अर्जावर हरकत कशी लिहायची ते सांगितलं: ‘टॉवर नको’ एवढंच लिहू नका, तुमच्या खिडकीचा क्रमांक लिहा, त्या खोलीत दिवसभर कोण असतं ते लिहा, हा तक्ता जोडा. समितीला भावना बाजूला ठेवता येतात, क्रमांक ठेवणं अवघड जातं.

सकाळच्या बाई मैत्रिणीला घेऊन आल्या. त्यांनी आपली खिडकी बरोबर ओळखली. “हा सोळा माझा,” मैत्रिणीला म्हणाल्या आणि पर्समधून वही काढून आकडा टिपून घेतला.

रात्री नऊ

घरी जेवण उरकून पुन्हा लॅपटॉप. ऑफिसच्या मशीनवर वास्तुविशारदांनी पाठवलेला तिरका कोपरा चढवला आहे आणि गणित रात्रभर चालेल. पहिल्या काही खिडक्यांचे आकडे आले. बाईंचं स्वयंपाकघर सोळावरून एकवीस. मोठं नुकसान किरकोळात आलं. पण पश्चिमेच्या टोकाची दोन घरं अजून अठरावर अडकली आहेत, तिथे तो कोपरा पुरेसा कापला जात नाही.

वास्तुविशारदांना मेल लिहिला: पश्चिमेच्या बाजूला आणखी दोन मजले उतरवून बघा, मी सकाळी आठला ऑफिसात आहे. मग रिपोर्टच्या पहिल्या पानावरचं ते दुसरं वाक्य पुन्हा वाचलं आणि त्यात त्या दोन घरांचे खिडकी क्रमांक घातले.